सणांची सहा जेवणं आणि मधले बावीस दिवस

प्रश्न थोडक्यात असा आहे: वय 42. गेल्या आठ महिन्यांत वजन 78 किलोंवरून 70.5 किलोंवर आणलं आहे. आता पुढचा महिनाभर सण, सुट्ट्या, पाहुणे, आणि त्यात सहा मोठी जेवणं ठरलेली. गेल्या वर्षी याच दिवसांत एका आठवड्यात काटा अडीच किलोंनी वर गेला, धीर सुटला आणि पुढचे चार महिने सगळं सोडून दिलं. यंदा काय करू? जेवणाच्या दिवशी सकाळपासून उपाशी राहू का? दुसऱ्या दिवशी नुसत्या पाण्यावर काढू का? आणि आग्रह करणाऱ्यांना काय सांगू?

तुम्ही जेवणांबद्दल विचारलं आहे, पण माझी नजर अडकली ती "धीर सुटला आणि चार महिने सोडून दिलं" या शब्दांवर. आहारतज्ज्ञ म्हणून काम करताना मी हे फार लोकांच्या बाबतीत पाहिलं आहे. जेवणं होतात दोन-चार, नुकसान होतं ते त्यानंतरच्या आठवड्यांत. म्हणून आधी त्या अडीच किलोंचा हिशोब मांडते. गेल्या वर्षी तो कोणी तुमच्यासमोर मांडला असता तर बहुधा तुम्ही थांबला नसता.

शरीरातली एक किलो चरबी म्हणजे साधारण 7,700 किलोकॅलरी. अडीच किलो चरबी वाढायची तर रोजच्या गरजेच्या वर 19,000 हून जास्त किलोकॅलरी पोटात जायला हव्यात. तुमची रोजची गरज 1,900 च्या आसपास धरली, तर सलग सात दिवस रोज 4,600 पेक्षा जास्त खाल्लं तरच हे जमतं. तुम्ही तसं खाल्लेलं नाही. मग काट्याने चुकीचं दाखवलं का? वजन त्याने बरोबरच दाखवलं. ते वजन कशाचं, हे मात्र काट्याला सांगता येत नाही.

बरंचसं ते पाण्याचं होतं. पिष्टमय आणि गोड पदार्थांतली साखर यकृत आणि स्नायू ग्लायकोजेनच्या रूपात साठवून ठेवतात. यकृतात सुमारे 100 ग्रॅम आणि स्नायूंत 400 ग्रॅमच्या आसपास मावतं, आणि प्रत्येक ग्रॅम आपल्यासोबत सुमारे 3 ग्रॅम पाणी धरून बसतो. महिनोन् महिने मोजकं खाणाऱ्या माणसाचा हा साठा बरेचदा अर्धवट रिकामा असतो. दोन-तीन भरपेट जेवणांत त्यात 300 ग्रॅम भर पडली की पाण्यासकट 1.2 किलो झाले. सणाच्या जेवणात मीठही नेहमीपेक्षा जास्त असतं. 9 ग्रॅम जादा मीठ शरीरात राहिलं तर ते जवळजवळ लिटरभर पाणी धरून ठेवतं. त्याच्या निम्मं धरा, म्हणजे अर्धा किलो. आतड्यातून अजून पुढे न सरकलेलं अन्न आणखी तीन-चारशे ग्रॅमचं. आता राहिली खरी चरबी. त्या आठवड्यातल्या तीन मोठ्या जेवणांत मिळून 3,000 किलोकॅलरी जादा गेल्या असं मानलं तरी ती 400 ग्रॅम भरते. अडीच किलोंचा हिशोब इथे पुरा होतो. त्यातले दोन किलो नेहमीचं जेवण सुरू केल्यावर चार-पाच दिवसांत आपोआप उतरले असते. तुम्ही मात्र 400 ग्रॅमसाठी चार महिने सोडून दिलेत.

हे बोल लावायला म्हणत नाही. माणसाचं मन असंच चालतं, आणि ते प्रयोगात दिसलेलं आहे. 1975 मध्ये हर्मन आणि मॅक या दोन मानसशास्त्रज्ञांनी काही स्त्रियांना आधी मिल्कशेक दिला आणि मग चव घेऊन मत द्या असं सांगून आइस्क्रीम हवं तेवढं खाऊ दिलं. एरवी खाण्यावर फार बंधनं न घालणाऱ्यांनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्लं. ते साहजिकच आहे, पोटात आधीच भर होती. जे नेहमी खाण्यावर करडी नजर ठेवत त्यांनी उलट जास्त खाल्लं. पथ्य मोडलंच आहे, आता आज काय उरलं, उद्यापासून बघू, असा तो विचार. भूक त्यात कुठेच नव्हती. तुमचा "उद्यापासून" मग पुढच्या सोमवारवर गेला, सोमवार पुढच्या महिन्यावर गेला. जितकी बंधनं कडक, तितकं हे मोडणं मोठं होतं. म्हणून सणाच्या महिन्यासाठी मी कडक नियम कधीच देत नाही.

आता खरोखर किती वाढतं ते बघू. अमेरिकेतल्या 195 प्रौढांवर झालेला एक अभ्यास 2000 साली द न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला. तिथल्या वर्षअखेरीच्या सणांच्या दिवसांत, म्हणजे नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत, या लोकांचं वजन सरासरी 0.37 किलोंनी वाढलं. वाढ 2.3 किलो किंवा त्याहून जास्त झालेले दहा टक्क्यांहूनही कमी होते. आपलं वजन किती वाढलं असेल याचा लोकांचा स्वतःचा अंदाज मात्र प्रत्यक्षापेक्षा बराच मोठा होता. एवढ्यावर थांबलं तर वाटेल, मग चिंता कशाला? चिंता याची की ते 0.37 किलो पुढच्या महिन्यांत परत उतरलेच नाहीत. दर वर्षी थोडं चढायचं, त्यातलं काहीच उतरायचं नाही, आणि दहा-पंधरा वर्षांनी मागे वळून पाहिलं की चार-पाच किलो कुठून आले ते कळत नाही.

त्याच अभ्यासात संशोधकांनी आणखी एक गोष्ट तपासली होती: वजन कोणाचं जास्त वाढलं? ताण, किती मेजवान्यांना गेलात, असे बरेच प्रश्न विचारले होते. वजनाशी संबंध दिसला तो दोनच गोष्टींचा, भूक किती जाणवत होती आणि हालचाल किती होती. मेजवान्यांच्या संख्येने फारसा फरक पडलेला नव्हता. मला माझ्या कामात जे दिसतं त्याच्याशी हे तंतोतंत जुळतं.

आता तुमचेच आकडे घ्या. चार आठवडे म्हणजे 28 दिवस. दिवसाला तीन धरली तर 84 जेवणं. त्यातली सणाची सहा. प्रत्येक सणाच्या जेवणात गरजेपेक्षा 1,000 किलोकॅलरी जादा गेल्या असं धरू. म्हणजे महिन्यात 6,000. दुसऱ्या बाजूला, आठ महिन्यांत साडेसात किलो उतरवताना तुम्ही रोज सरासरी 240 किलोकॅलरी कमी खात होता. गणित ढोबळ आहे, पण दिशा बरोबर आहे. मधले 22 दिवस तुम्ही आत्ता जेवता तसंच जेवत राहिलात तर 5,280 किलोकॅलरींची तूट तयार होते. 6,000 मधून ती वजा केली की उरल्या 720. त्याची चरबी 100 ग्रॅमसुद्धा होत नाही. सहाही जेवणं मनापासून जेवून महिनाअखेरीला तुम्ही जवळजवळ होता तिथेच असाल.

आता हेच 22 दिवस सुटले तर काय होतं ते पाहा. घरात गोडाचे डबे आलेले असतात. ते ओट्यावर नाहीतर जेवणाच्या टेबलावर असतात. जाता-येता एक तुकडा, चहाबरोबर एक, रात्री दूरदर्शन बघताना एक. असा तळहातावर मावणारा तुकडा सहज 150 किलोकॅलरींचा असतो. दिवसाला तीन, असे 22 दिवस गेले की 9,900 किलोकॅलरी झाल्या, म्हणजे सव्वा किलोहून थोडी जास्तच चरबी. सहा मेजवान्यांच्या दीडपटीहून जास्त. आणि यातलं काहीही नीट आठवत नाही, कारण यातल्या एकाही तुकड्यासाठी आपण जेवायला बसलेलो नसतो.

त्यामुळे माझं पहिलं सांगणं घरातल्या डब्यांबद्दल आहे. भेट आलेलं त्याच दिवशी वाटून टाका. सोसायटीत, ऑफिसात, घरी कामाला येणाऱ्यांना, कोणालाही. जे ठेवायचं ते अपारदर्शक डब्यात, वरच्या फळीवर, जिथे हात सहज पोचणार नाही. डोळ्यांसमोर असलेलं जास्त खाल्लं जातं, आणि अशा वेळी नुसत्या मनाच्या निग्रहावर विसंबून राहू नये. तो संध्याकाळपर्यंत थकतो. उरलेल्या जेवणाचंही तसंच. सणाचं जेवण त्या दिवशी संपावं. ते पुढचे तीन दिवस फ्रिजमधून निघत राहिलं तर एक मेजवानी चार दिवसांची होते. गोड खायचंच असेल तर दिवसातून एकदा, बशीत वाढून घेऊन, बसून खा. उभ्याने, डब्यातून थेट खायचं नाही, एवढा एकच नियम मी माझ्याकडे येणाऱ्यांना या महिन्यासाठी देते. तो पाळला गेला तर बाकीचं बरंच सावरतं.

आता उपाशी राहण्याबद्दल. राहू नका. संध्याकाळच्या जेवणासाठी सकाळपासून कॅलरी वाचवण्याची कल्पना कागदावर बरोबर दिसते, पण पोट कागदावरच्या हिशोबाने चालत नाही. जेवणाची वेळ जवळ आली की जठरातून घ्रेलिन नावाचं संप्रेरक वाढतं आणि भूक लागते. दोन जेवणं टाळून तुम्ही तिथे पोचता तेव्हा ही भूक टोकाला गेलेली असते. मग आधी हात जातो तो समोर आलेल्या तळलेल्या पदार्थांकडे, आणि वेग इतका असतो की पोट भरल्याची खूण मेंदूपर्यंत पोचण्याआधीच पान संपलेलं असतं. जठर ताणल्याचा संदेश आणि आतड्यांतून सुटणारी संप्रेरकं यांना आपलं काम करायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. वर अमेरिकेतल्या अभ्यासात भूक हा वजनवाढीशी जोडलेला घटक होता, तो इथे पुन्हा आठवा.

त्या दिवशी सकाळी नेहमीसारखी न्याहारी करा, त्यात प्रथिनं असू द्या. अंडी, दही, डाळ, जे तुम्ही एरवी खाता ते. दुपारचं जेवण थोडं हलकं, भाज्या जास्त. निघण्यापूर्वी तास-दीड तास एखादं फळ किंवा वाटीभर दही. पोटात एवढी भर घालून गेलं की निवड करता येते. भुकेने व्याकूळ माणूस निवड करत नाही, मिळेल ते खातो.

जेवणाच्या ठिकाणी एक गोष्ट तुमच्या विरुद्ध काम करत असते. ती म्हणजे पदार्थांची संख्या. एकच चव खात राहिलं की तिची गोडी हळूहळू ओसरते, पण वेगळी चव समोर आली की भूक पुन्हा जागी होते. बार्बरा रोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980 च्या दशकात हे प्रयोगांनी दाखवलं. पोट टच्च भरलं असं म्हणणारा माणूस गोड पुढे आल्यावर पुन्हा खातो ते याचमुळे. पंधरा पदार्थ असतील तर भूक पंधरा वेळा जागी होणार.

यावर माझ्याकडे एक सोपी पद्धत आहे आणि ती बहुतेकांना जमते. ताट हातात घेण्याआधी काय काय आहे ते सगळं एकदा बघून या. मग मनाशी ठरवा, यातलं असं काय आहे जे मला वर्षातून एकदाच मिळतं, किंवा ज्याची मी खरंच वाट बघत होते? असे दोन-तीनच निघतात. ते मोकळ्या मनाने घ्या, पुरेसे घ्या, चवीने खा. जे कोणत्याही मंगळवारी घरी किंवा दुकानात मिळतं ते आज घेऊ नका. उरलेली जागा भाज्यांना आणि प्रथिनांना. सगळ्यातलं थोडं थोडं घेतलं तर कमी खाल्लं जाईल असं लोकांना वाटतं, पण थोड्या-थोड्याची बेरीज सगळ्यात मोठी होते आणि समाधान कशाचंच मिळत नाही.

दुसऱ्यांदा घ्यायचं असेल तर पंधरा मिनिटं थांबून घ्या. गप्पांत ती सहज जातात. बसताना शक्यतो पदार्थ मांडलेल्या टेबलाकडे पाठ करून किंवा लांब बसा. सोबतीत माणूस एकट्यापेक्षा जास्त खातो. जॉन द कॅस्ट्रो यांनी लोकांच्या खाण्याच्या नोंदी तपासून हे दाखवलं होतं. सोबत जितकी मोठी आणि जेवण जितकं लांबतं तितकं पोटात जास्त जातं. म्हणून लोकांना टाळा असं मी कधीच म्हणणार नाही. माणसं भेटावीत म्हणूनच तर ही जेवणं असतात. जेवून झालं की ताट बाजूला ठेवा आणि गप्पा चालू ठेवा, एवढंच.

पेयांकडे लोकांचं लक्षच नसतं. द्रवातून गेलेल्या कॅलरी पोट नीट मोजत नाही. 2000 मध्ये डिमेलिओ आणि मॅटिस यांनी पंधरा जणांना चार आठवडे रोज 450 किलोकॅलरी गोड गोळ्यांतून आणि आणखी चार आठवडे तेवढ्याच किलोकॅलरी शीतपेयातून दिल्या. गोळ्या खाल्ल्या तेव्हा लोकांनी दिवसभरात आपोआप तेवढं कमी खाल्लं. पेय प्यायले तेव्हा बाकीचं खाणं काही कमी झालं नाही. त्यामुळे गोड पेय प्यायचं तर एक ग्लास, आवडीचं, आणि तहानेसाठी पाणी. मद्य घेत असाल तर त्याच्या एका ग्रॅममागे 7 किलोकॅलरी असतात, चरबीच्या 9 च्या जवळच. शिवाय दुसऱ्या पेल्यानंतर ताटावरचा विचार सुटतो. त्याचा तोटा पेल्यातल्या कॅलरींहून मोठा असतो.

आग्रहाचा प्रश्न मी थोडा वेळ देऊन सांगते, कारण सगळं कळत असूनही माणसं इथे हरतात. आग्रह करणाऱ्याला तुमचं वजन वाढवायचं नसतं. आपण केलेलं आवडलं की नाही, आपल्या घरी पाहुणा तृप्त झाला की नाही, हे त्याला जाणून घ्यायचं असतं. त्याला उत्तर द्या. "हे फार सुरेख झालंय, कसं केलंत?" असं विचारलंत की निम्मा आग्रह तिथेच विरतो, कारण त्याला हवं होतं ते मिळालं. वाढायला आल्यावर "आत्ता घेतलंय, संपवून पुन्हा मागते" म्हणा. ताटात थोडं काहीतरी शिल्लक असू द्या. रिकामं ताट दिसलं की वाढलंच जातं. घरातली वडीलधारी व्यक्ती फारच मागे लागली तर "तुमच्या हातचं म्हणून अर्धा घेते" म्हणून अर्धा घ्या, खा, आणि मनात काही ठेवू नका. अर्ध्या तुकड्याने काही होत नाही. त्या माणसाचं मन मोडल्याची रुखरुख मात्र घरी परतल्यावर सोबत राहते, आणि रुखरुख असली की रात्री पुन्हा स्वयंपाकघरात जाणं होतं.

एक मात्र कटाक्षाने टाळा. जेवताना "मी डाएटवर आहे" असं जाहीर करू नका. ते म्हटलं की तुमचं ताट सगळ्यांच्या चर्चेचा विषय होतं. कोणी म्हणतं एका दिवसाने काय होतं, कोणी म्हणतं तुला काय गरज आहे, कोणी आपला अनुभव सांगतं, आणि तुम्ही प्रत्येक घासाला उत्तर देत बसता. तुमचं वजन हा तुमचा विषय आहे. तिथे तो कोणी काढलाच, "बारीक झालीस की", "तब्येत सुधारली वाटतं" असं काही बोललंच, तर "बरं चाललंय" म्हणून विषय बदला. तुमच्यापैकी जे यजमान असतील त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. एकदा विचारा, दुसऱ्यांदा आग्रह नको, आणि कोणाच्याही अंगकाठीवर जेवताना बोलू नका. मुलींच्या बाबतीत तर मुळीच नको. अशा एका वाक्यामुळे वर्षानुवर्षं खाण्याची भीती बसलेल्या मुली माझ्याकडे आल्या आहेत.

जेवण झाल्यावर दहा-पंधरा मिनिटं चाला. न्यूझीलंडमधल्या ओटागो विद्यापीठातल्या संशोधकांनी 2016 मध्ये टाइप 2 मधुमेह असलेल्यांवर केलेल्या अभ्यासात, दिवसातून एकदा सलग 30 मिनिटं चालण्यापेक्षा प्रत्येक जेवणानंतर 10 मिनिटं चालल्याने जेवणानंतरची साखर जास्त आटोक्यात राहिली होती. कॅलरी जाळण्यासाठी हे चालणं नाही. त्याने पोट हलकं होतं, साखर फार चढत नाही, आणि ताटापासून दूर जायला एक चांगलं निमित्त मिळतं. कोणाला तरी सोबत घ्या.

दुसऱ्या दिवशीची सकाळ ही या सगळ्यातली कळीची वेळ. नुसत्या पाण्यावर राहू नका. तासभर जास्त धावून कालच्या जेवणाची शिक्षाही घेऊ नका. दिवसभर उपाशी राहिलात तर संध्याकाळी भूक उसळेल आणि त्याच डब्यांपाशी नेऊन सोडेल. नेहमीच्या वेळी उठा, पाणी प्या, आणि भूक लागेल तेव्हा नेहमीची न्याहारी करा. रात्रीचं जेवण जड झालं असेल तर सकाळी भूक उशिरा लागेल, ते ठीक आहे. दुपारी नेहमीचं जेवण. व्यायामाचा वार असेल तर व्यायाम, नसेल तर नाही. काल काय झालं याचा विचार करायचाच असेल तर एवढाच करा, काल जेवलो, छान होतं, आज मंगळवार आहे. एका जास्तीच्या जेवणाने निरोगी शरीर कोलमडत नाही. इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठात 14 तरुण, निरोगी पुरुषांना एकदा पोट भरेपर्यंत आणि एकदा अगदी खाववेनासं होईपर्यंत पिझ्झा खायला दिला होता, 2020 मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. दुसऱ्या वेळी त्यांनी जवळजवळ दुप्पट खाल्लं, तरी त्यांच्या रक्तातली साखर पहिल्या वेळेपेक्षा जास्त चढली नाही. इन्सुलिन मात्र बरंच जास्त सोडावं लागलं. शरीर एका वेळेचा भार असा पेलतं. तोच भार रोज पडू लागला तर गोष्ट वेगळी.

काट्याबद्दल. मेजवानीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वजन करू नका. तुमच्या बाबतीत तर नाहीच, गेल्या वर्षी त्याच आकड्याने तुम्हाला थांबवलं. पण महिनाभर काटा कपाटातही टाकू नका. बर्मिंगहॅम विद्यापीठाने 272 जणांवर केलेली चाचणी 2018 मध्ये बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आली. एका गटाला सणाच्या दिवसांत आठवड्यातून किमान दोनदा वजन करून लिहून ठेवायला सांगितलं, खाण्याबद्दलच्या दहा साध्या सूचना दिल्या, आणि सणाचे पदार्थ खर्ची घालायला किती चालावं लागेल याचा तक्ता दिला. दुसऱ्या गटाला निरोगी जीवनशैलीचं एक पत्रक दिलं. दुसऱ्या गटाचं वजन सरासरी 0.37 किलोंनी वाढलं, पहिल्याचं 0.13 किलोंनी कमी झालं. फरक अर्ध्या किलोचा, पण वर सांगितलेली वर्षावर्षाची चढ एवढीच असते.

तुमच्यासाठी मी असं सुचवेन: मेजवानीपासून किमान तीन दिवस दूर असलेले दोन वार निवडा, सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी वजन करा, आणि वहीत लिहा. प्रत्येक आठवड्यातला कमी आकडा खरा धरा. पाळीच्या आधीच्या दिवसांतही पाणी साठतं, तेही वहीत टिपून ठेवा. 71.5 पर्यंत काहीही बदलायचं नाही. त्याच्या वर सलग दोन आठवडे राहिलं तर डब्यांकडे आणि चहाबरोबरच्या खाण्याकडे बघा, मेजवान्यांना हात लावू नका. या महिन्यात वजन कमी करायचं नाही, आहे तिथे ठेवायचं आहे. आठ महिने सलग तूट काढलेल्या शरीराला महिनाभराचा हा विराम चालतो, आणि मनाला तो हवाच असतो.

झोपेबद्दल दोनच वाक्यं. शिकागो विद्यापीठातल्या 2004 च्या एका प्रयोगात, दोन रात्री चारच तास झोपायला मिळालेल्या तरुणांमध्ये पोट भरल्याची खूण देणारं लेप्टिन घटलं आणि भूक लावणारं घ्रेलिन वाढलं. रात्री उशिरा झालं तर सकाळी उशिरा उठण्याची सोय करा, किंवा दुपारी अर्धा तास आडवं व्हा.

हे सगळं तुम्हाला दुसरा आजार नाही असं धरून सांगितलं. हे वाचणाऱ्यांपैकी काहींना ते जसंच्या तसं लागू होणार नाही. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया गटातल्या गोळ्या घेत असाल तर जेवण टाळल्याने साखर धोकादायक खाली जाऊ शकते. मेजवानीच्या दिवसाचा डोस डॉक्टरांना आधी विचारून ठेवा, अंदाजाने कमी-जास्त करू नका. वजनासाठी सेमाग्लुटाइडसारखं इंजेक्शन चालू असेल तर जठर उशिरा रिकामं होतं, आणि तेलकट, भरपेट जेवणानंतर उलट्या होऊ शकतात. ताट छोटंच ठेवा, आणि नीट जेवता यावं म्हणून स्वतःच्या मनाने डोस चुकवू नका. पित्ताशयात खडे असतील तर तुपातेलाच्या जेवणाने पोटात तीव्र कळ येऊ शकते. हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर मी वर सांगितलेलं "ते पाणीच आहे, उतरेल" हे तुम्हाला लागू नाही. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले, पाय सुजले किंवा दम लागू लागला, तर लगेच डॉक्टरांना फोन करा.

आणि तुमच्या प्रश्नात नाही, पण विचारते. गेल्या वर्षीच्या त्या चार महिन्यांत असं होत होतं का, की थोड्या वेळात खूप खाल्लं जायचं, थांबवावंसं वाटूनही थांबता यायचं नाही, एकटीने, लपून खाणं व्हायचं आणि नंतर स्वतःची किळस यायची? असं आठवड्यातून एकदा किंवा जास्त, सलग तीन महिने होत राहिलं तर तो खाण्यासंबंधीचा एक विकार असू शकतो. त्यावर चांगले उपचार आहेत. तसं असेल तर वजनाची वही तूर्त बाजूला ठेवा, सणांची वाट न बघता मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घ्या, आणि ठरलेल्या सहा जेवणांना बिनधास्त जा.